आजी बोलते ती कोर्लईची बोली 'नौ लिंग' (म्हणजे 'आपली भाषा') लिहून ठेवायची, तर लिपी कोणती घ्यावी?

देवनागरीच घ्या, पण लिहायच्या आधी आजीचा आवाज रेकॉर्ड करा. रायगडातल्या कोर्लईची ही बोली पोर्तुगीज शब्दांची असल्यामुळे रोमन लिपी सोयीची वाटते खरी. पण गावातली पोरं मराठी शाळेत शिकलेली, देवनागरी त्यांच्या हातात बसलेली. शिवाय पोर्तुगीज इथून 1740 मध्ये गेले, त्यानंतर ही बोली मराठीच्या शेजारातच वाढली. क्रियापदसुद्धा मराठीसारखं वाक्याच्या शेवटी येतं. नाकातले स्वर अनुस्वाराने भागतात. क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने तिचं व्याकरण तपशीलवार मांडलंय, मात्र ते इंग्रजीत आणि अभ्यासकांसाठी. आजीच्या गोष्टी वाचायला त्याचा उपयोग नाही.

रेकॉर्ड करताना नुसती शब्दांची यादी विचारत बसू नका, ती फार कोरडी निघते. मासे साफ करताना, भांडताना, लग्नाची गाणी म्हणताना फोन चालू ठेवा, अर्थात आजीला सांगून. तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं वय लगेच नोंदवा.

एक आहे: यातून नोंद टिकेल, बोली नाही. त्यासाठी मुलांशी घरात तीच बोलावी लागेल.