माझं म्हणणं बरोबर असतं, तरी प्रत्येक वेळी भांडणच होतं

माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बायकांचं, आणि खरं सांगायचं तर पुरुषांचंही, एक वाक्य ठरलेलं असतं. मॅडम, माझं काही चुकत नाही, पण बोलायला गेलं की भांडणच होतं, मग वाटतं गप बसलेलं बरं. हा प्रश्न इतक्यांदा येतो की एक केसच सांगते. दोघांना विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

बेळगाव तालुक्यातलं गाव. नवरा उद्यमबागेत फौंड्रीत कामाला, ती गडहिंग्लजकडची, घरात सासरे म्हणजे आबा, आणि एक लहान पोरगी. वाद कशावरून, तर पोरीला कुठल्या शाळेत घालायचं. तिला इंग्लिश मीडियम पाहिजे, त्याला गावातली मराठी शाळा. आता हा वाद आपल्याकडे साधा नसतो. 1956 ला भाषेवर राज्यं झाली आणि आपला भाग इकडे, म्हणजे आताच्या कर्नाटकात आला, तेव्हापासून इथं मराठी शाळा ही नुसती शाळा राहिलीच नाही, आबा तर स्वतः सीमालढ्यात जेलमध्ये जाऊन आलेले. माध्यमाचा प्रश्न पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता, 2014 मध्ये कोर्टानं सांगितलं की प्राथमिक शाळेत मातृभाषेचं माध्यम सरकार सक्तीचं करू शकत नाही. म्हणजे ठरवायचं आईबापांनीच, आणि इथं आईबापांचंच पटत नव्हतं.

पहिल्या भेटीत मी बाईला एकटीला बसवून आधी एकच विचारते, घरात हात उगारला जातो का, तुला भीती वाटते का. तसं असेल तर तो वाद नाही, तिथं नीट बोलायच्या युक्त्या सांगणं म्हणजे तिलाच अजून धोक्यात घालणं, मग 181 ची महिला हेल्पलाईन, पोलीस, माहेर, तो रस्ता वेगळा. इथं तसं काही नव्हतं. म्हणून दोघांना समोर बसवलं आणि म्हटलं, घरी जसं बोलता तसंच बोला.

तिनं सुरुवातच केली, "तुम्हाला पोरीचं काही पडलेलंच नाही. आबा म्हणतील तेच तुमचं." तो म्हणाला, "बरं बाई, तुलाच सगळं कळतं की." झालं. पाच मिनिटांच्या आत लग्नातला मानपान निघाला, बेंगळूरला असलेला त्याचा भाऊ निघाला, तिच्या आईच्या आजारपणात कोण आलं नव्हतं ते निघालं, आणि शाळा राहिली बाजूला. जॉन गॉटमन म्हणून अमेरिकेतले संशोधक आहेत, त्यांनी आणि सिबिल कॅरेर यांनी 1999 मध्ये 124 नवविवाहित जोडप्यांचा अभ्यास मांडला होता, त्यात वादाची पहिली तीन मिनिटं कशी गेली यावरून पुढं कुणाचं लग्न मोडेल याचा बराच अंदाज येत होता. मला ते रोज दिसतं. "तुम्ही नेहमी", "तू कधीच" असं सुरू झालं की समोरचा मुद्दा ऐकतच नाही, स्वतःला वाचवायला लागतो. त्यात ही विषय कधी काढायची, तर तो सेकंड शिफ्ट करून रात्री घरी आला की, कारण तेव्हा पोरगी झोपलेली असायची. दमलेला, भुकेला माणूस काय ऐकणार? वेळ आधी बदलली, रविवार दुपार.

पण खरं काम झालं ते दुसऱ्याच गोष्टीनं. कार्ल रॉजर्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1951 मध्ये एक नियम सांगितला होता, की वादात आपलं म्हणणं मांडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि तो "हो, हेच" म्हणेपर्यंत आपला मुद्दा काढायचाच नाही. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा.

नवऱ्याला म्हटलं, हिचं म्हणणं सांगा. तो म्हणाला, "इंग्लिश शाळेत घातलं की चारचौघांत मान मिळतो असं वाटतंय हिला." ती म्हणाली नाही. मग म्हणाला, "आमच्या गावची शाळा हिला हलकी वाटते." तरी नाही. वैतागला तो, "मग काय हाय ते तू तरी सांग की!" आणि इतक्या महिन्यांच्या भांडणात त्यानं तिला विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

मग ती बोलली. दहावीला मराठी शाळेतून वर्गात पहिली आलेली, सायन्सला गेली, तिथं सगळं इंग्लिशमधून, काही कळेना, मागच्या बाकावर बसून फळ्यावरचं नुसतं उतरवून घ्यायची, विचारायची लाज वाटायची. शेवटी सोडलं. घरी सांगितलं की आवड नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी नवऱ्याला हे माहीतच नव्हतं.

तिची पाळी आली तेव्हा तिचंही तेच झालं. "हे आबांना भितात" म्हणाली, तो म्हणाला नाही. मग त्यानंच सांगितलं, बेंगळूरच्या भावाची पोरं गणपतीला येतात, त्यांना आबांचं बोलणं कळत नाही, ती मोबाईल घेऊन बसतात आणि आबा उठून बाहेर कट्ट्यावर जातात, ते त्याला बघवत नाही. आपल्या पोरीचंही तसंच झालं तर? तिनं ते परत सांगितलं, तो "व्हय" म्हणाला आणि मान खाली घातली.

इथं बरेच जण अडतात, दुसऱ्याचं म्हणणं सांगितलं म्हणजे आपण हरलो असं त्यांना वाटतं. तसं नाही. पटलं असं कुठं म्हणायचंय, समजलं एवढंच सांगायचंय. पण त्यानं प्रश्न बदलतो. आता प्रश्न असा झाला की पोरगी पुढं अडखळू नये आणि आबांपासून तुटूही नये, हे दोन्ही कसं जमवायचं. कन्नडवर तर दोघांचं भांडण नव्हतंच, कायद्यानं शाळेत शिकावंच लागतं आणि बाहेर लागतंही. मग दोघं मिळून शाळा बघायला गेले, विचारायचे प्रश्न ठरवून. इंग्लिश शिकवतं कोण, एका वर्गात पोरं किती, मराठी विषय आहे का. गावच्या शाळेत एकच बाई तीन वर्ग सांभाळत होत्या, ते त्यानं स्वतः बघितलं. शेवटी मराठी विषय असलेली इंग्लिश मीडियमची शाळा ठरली.

त्याला वाईट वाटलंच. आबांना मात्र त्यानं स्वतः सांगितलं, बायकोवर ढकललं नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आबा काही दिवस बोलले नाहीत. त्यांना हा निर्णय आजही चुकीचा वाटतो आणि मी त्यांना पटवायला गेलेही नाही, ज्या माणसानं त्या भाषेसाठी जेल भोगलाय त्याचं दुःख खरंच आहे. संध्याकाळी नातीचं मराठी पुस्तक तेच घेतात.

आता पुढचा प्रश्न येणारच, की नवरा समुपदेशनाला येतच नाही, मी एकटीनं काय करू. तुमच्या वाटणीचं अर्धं एकट्यानं करता येतं. उत्तर द्यायच्या आधी त्यांचंच म्हणणं सांगा आणि विचारा, "असंच ना?" पहिल्यांदा ते संशयानं बघतील, आज हिला काय झालं म्हणून, ते चालू दे. आणि छाती धडधडायला लागली, हात थरथरायला लागले तर तिथंच थांबा, शरीर शांत व्हायला निदान वीस मिनिटं तरी लागतात, तोवर डोक्यात काही शिरत नाही. फक्त न सांगता उठून जाऊ नका, समोरच्याला तो अपमान वाटतो. "जेवणं झाल्यावर बसूया" असं सांगून उठा, आणि जेवणं झाली की तुम्हीच हाक मारा.