150 किलोवॅट सोलरची ऑर्डर देण्याआधी लोड सर्व्हे हातात घ्या

कारखान्यावर सोलर किती बसवायचं हे विचारताना तुम्ही दिलेले आकडे वाचून आमच्या भोसरीच्या वर्कशॉपचीच फाइल उघडल्यासारखं वाटलं. एचटी (उच्च दाबाची) जोडणी, 200 केव्हीए करार मागणी (वीज कंपनीशी ठरलेला कमाल भार), दोन पाळ्या, महिन्याला 18,000 युनिट, आणि विक्रेता म्हणतो 150 किलोवॅट लावा. त्याचा हिशेब सरळ आहे: किलोवॅटमागे दिवसाला साधारण 4 युनिट, म्हणजे महिन्याचे 18,000, म्हणजे बिल साफ. तसं होत नाही.

तुमची दुसरी पाळी बहुतेक अंधारातच चालते. 2019 च्या एमईआरसी (राज्य वीज नियामक आयोग) नियमांत टीओडी ग्राहकाचे, म्हणजे ज्याला दिवसाच्या वेळेनुसार वेगळा दर लागतो त्याचे, सौर युनिट आधी त्याच वेळेच्या वापरातून वजा होतात. उरलेले ऑफ-पीकचे, म्हणजे स्वस्त तासांचे धरतात. 2025 च्या दर आदेशाने तर सकाळी 9 ते संध्याकाळी 5 हेच सवलतीचे तास केले. त्यावर वाद झाले आहेत, तेव्हा सही करताना चालू आदेश बघाच. मी वकील नाही.

म्हणून आकार ठरवायचा तो दिवसाच्या लोडवरून. आमचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच झालं. मीटरमध्ये लोड सर्व्हे, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली याची नोंद, साठलेला असतो, एमआरआय (मीटर वाचायचं उपकरण) लावून निघतो. आम्ही लेखी मागितला. संबंधित कार्यालयात कधी साहेब नाहीत, कधी अर्ज सापडत नाही, आणि शेवटी उत्तर काय, तर "बिलात सगळं असतंच की." बिलात बेरीज असते हो! गुरुवारची सुट्टी, जेवणाची वेळ, फर्नेस कधी बंद, यातलं काही नसतं. मालकांना थांबायचं नव्हतं, प्लांट बिलावरून ठरला आणि गरजेपेक्षा मोठा बसला. ग्राहकाचीच माहिती ग्राहकाला द्यायला एवढी टाळाटाळ का, याचा राग अजून जात नाही.

तुम्हालाही देत नसतील तर मेन पॅनेलवर पॉवर ॲनालायझर (वापर सतत नोंदवणारं यंत्र) भाड्याने लावा, सुट्टीच्या वारासकट किमान दोन आठवडे. माझा अंदाज 80-90 किलोवॅटचा, पण तो न बघता केलेला आहे, त्यावर ऑर्डर देऊ नका.

डिमांड चार्ज (महिन्यातल्या कमाल भारावरचा आकार) कमी होईल असं कोणी सांगितलं तर मानू नका. संध्याकाळची पाळी तो तिथेच ठेवते. आणि पीएफ, म्हणजे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली प्रत्यक्ष कामी येणारी किती त्याचं प्रमाण)! सोलर किलोवॅट देतं, रिॲक्टिव्ह (मोटारींना चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारी वीज) ग्रिडकडूनच येते, त्यामुळे मीटरवर पीएफ पडतो. एचटीला 2020 पासून केव्हीएएच बिलिंग (पीएफ कमी तर मोजलेले युनिट जास्त) आहे, म्हणजे फटका थेट युनिटांवर. इन्व्हर्टरचं रिॲक्टिव्ह सेटिंग कोण करणार आणि एपीएफसी (पीएफ आपोआप सुधारणारं) पॅनेल पुरेल का, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या.