९क्ष² − २४क्ष + ☐ ही पूर्ण वर्ग त्रिपदी होण्यासाठी चौकटीत काय येईल?

१६ येईल.

(अ − ब)² = अ² − २अब + ब² हे सूत्र समोर ठेवा. पहिल्या पदाचे वर्गमूळ अ = ३क्ष. मधले पद २अब, म्हणून २ × ३क्ष × ब = २४क्ष, म्हणजे ब = ४ आणि ब² = १६. ताळा: (३क्ष − ४)² = ९क्ष² − २४क्ष + १६.

अनेकांचे उत्तर इथे १४४ येते. "मधल्या सहगुणकाचे निम्मे करा आणि वर्ग करा" हे दहावीला पाठ झालेले असते, पण ते फक्त क्ष² चा सहगुणक १ असतानाच चालते. १४४ घेतले तर (३क्ष − १२)² उलगडून पाहा, मधले पद −७२क्ष येते, −२४क्ष नाही. सहगुणक १ नसेल तर सरळ असे करा: शेवटचे पद = (मधले पद)² ÷ (४ × पहिले पद). इथे ५७६क्ष² ÷ ३६क्ष² = १६. पहिले पद गायब असेल तर भागाकारात त्याच्या जागी शेवटचे पद ठेवा.

मधलेच पद हरवले असेल, जसे ४क्ष² + ☐ + २५, तर दोन्ही वर्गमुळांच्या गुणाकाराची दुप्पट: २ × २क्ष × ५ = २०क्ष. पण −२०क्ष सुद्धा बरोबर आहे, म्हणून उत्तर ±२०क्ष लिहा.

मधला सहगुणक विषम असला तर अपूर्णांकाला घाबरू नका: क्ष² + ५क्ष ला २५/४ च लागतात, ६ नाही. आणि शेवटचे पद ऋण आले, तर कुठेतरी चिन्ह चुकले आहे.