तुमचे प्रश्न : पुस्तक वाचलं, आता त्यावर लिहायचं काय?

मागच्या महिन्यात या पानावर मी सहज लिहून गेलो की हौसेनं वाचणाऱ्यांनी वाचलेल्या पुस्तकावर पान-दोन पान लिहून ठेवावं, तर पोस्टमननं गठ्ठाच आणून टाकला. नांदेडपासून जालन्यापर्यंत एवढी माणसं घरात बसून गुपचूप परीक्षणं लिहायलीत हे मला ठाऊकच नव्हतं. सगळ्यांना उत्तर देणं होत नाही, म्हणून सारखे प्रश्न एकात घेतलेत. नावं तुमच्याच सांगण्यावरून गाळलीत.

प्रश्न : सर, तीन वर्षं झाली, वाचलेल्या पुस्तकांची वही ठेवतो. परवा सलग वाचून काढली तर सगळ्या पुस्तकांवर एकच लिहिलंय. छान आहे, भाषा ओघवती, मध्ये जरा संथ, एकदा तरी वाचावं. वरचं नाव झाकलं तर कोणतं पुस्तक ते मलाच कळंना. काय चुकायलंय?
– एक शिक्षक, उदगीर

उत्तर : गुरुजी, नाव झाकून बघितलंत ना, अर्धं काम तिथंच झालं. 'वाचनीय व संग्राह्य', 'मराठी साहित्यात मोलाची भर' ही वाक्यं मंडपवाल्याच्या कनातीसारखी असतात, लग्न असो का बारसं, तीच आणून लावायची. जे वाक्य दुसऱ्या पुस्तकालाही चपखल बसतंय त्यावर काट मारा. उरलं तेवढं तुमचं. बऱ्याचदा दोनच ओळी उरतात, उरू द्या.

माझंच सांगतो. २०१६ चा एप्रिल, लातूरला तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर आलं होतं, आणि आमच्या गल्लीत टँकर कधी येईल ह्याचा काही नेम नव्हता म्हणून मी घागरी रांगेला लावून पायरीवर पुस्तक घेऊन बसायचो. त्यात हाताला लागली कोकणातली एक कादंबरी. पानोपानी पाऊस! कौलावर पाऊस, माडावर पाऊस, नवरा-बायको भांडायलेत तरी मागं पाऊस. मी वहीत ठणकावून लिहिलं, 'पावसाची वर्णनं फार झाली, लेखकानं हात आवरायला पाहिजे होता.' पुढं कधीतरी एका श्रावणात, चांगली झड लागलेली असताना, तीच कादंबरी परत वाचली तर ध्यानात आलं की सगळी गोष्ट त्या पावसावरच उभी आहे, त्या बाईला चार दिवस घराबाहेर पाऊल टाकता येत नाही म्हणून तर ती सासूशी पहिल्यांदा बोलते. लेखकाचं काही चुकलं नव्हतं हो, माझ्या घागरी रिकाम्या होत्या. ती जुनी ओळ मी खोडली नाही, खाली फक्त लिहिलं, 'टँकर चौथ्या दिवशी आला.' आता माझ्या वहीतली त्यातल्या त्यात बरी नोंद तीच आहे असं मला वाटतं.

म्हणून कुठं बसून, काय चालू असताना वाचलं ते लिहाच. आणि एक सवय लावून बघा, डावं पान वाचताना भरायचं, उजवं नंतर. डावीकडं नुसता पानाचा आकडा आणि चार शब्द. 'पान ६२, सासू हसली.' 'पान ११०, इथं दोन दिवस ठेवून दिलं.' पुस्तक संपलं की आठ दिवस उजव्या पानाला हात लावायचा नाही. आठ दिवसांनी जे आपोआप आठवतंय तिथून सुरू करा, मग डावीकडं बघून पडताळा. 'संथ' लिहायचंच असलं तर कुठल्या पानावर डोळा लागला ते लिहा, म्हणजे वाचणारा म्हणेल हे खरं किंवा म्हणेल ह्या माणसाला झोपच आली असंल. कथानक सगळं सांगत बसू नका, ते पुस्तकात आहेच.

प्रश्न : मी बँकेत नोकरीला आहे, आमच्या वाचक कट्ट्यावर महिन्याला एका पुस्तकावर लिहून वाचून दाखवतो. आता अडचण अशी की इथल्याच एका ओळखीच्या कवीनं त्यांचा संग्रह 'सप्रेम भेट' लिहून दिलाय आणि रोज सकाळी फिरायला गेलं की विचारतात, वाचलं का, कधी लिहायलात. कविता मला फारशा भावल्या नाहीत. रस्ता बदलून बघितला, तर तेपण तिकडूनच यायलेत.
– एक वाचक, परभणी

उत्तर : दादा, रस्ता बदलून ह्यातून कुणी सुटलेलं नाही. आपल्याकडं संग्रह विकत कमी जातो आणि भेट जास्त, बऱ्याच वेळा कवीनं पदरचे पैसे घालून तो काढलेला असतो, आणि त्याला खरी भूक असते ती कुणीतरी वाचल्याची. स्तुतीची नंतर. हे आधी मनात धरा म्हणजे राग कमी होतो.

मी स्वतः ह्यात तोंडघशी पडलोय. एका मित्राचा संग्रह, मी प्रस्तावना आणि मलपृष्ठ वाचलं आणि त्याच्यावरच 'ग्रामीण वास्तवाचा दाहक प्रत्यय' असं काहीतरी ठोकून दिलं. आठवड्यानं वाचनालयात एक म्हातारे गृहस्थ आले, धोतर, हातात तोच संग्रह, आणि अगदी साधेपणानं म्हणाले, 'ह्यातली दाहक कोणती ते दाखवा बरं, मला सापडंना.' मी पानं उलटत राहिलो. ते उभे. शेवटी त्यांनीच म्हटलं, राहू द्या, घरी बघतो. त्या दिवसापासून कविता पूर्ण वाचल्याबिगर एक अक्षर लिहीत नाही.

तुमच्यापुरतं असं करा. संग्रह सगळा वाचा, दोनदा. साठ कवितांत एखादी तरी ओळ खरी निघतेच, ती पानासकट कवीला दाखवा, त्या माणसाचा चेहरा बघा मग. जे खटकलं ते फिरायला गेल्यावर त्यांना एकट्याला सांगा, कट्ट्यावर सगळ्यांसमोर नको. कट्ट्यावर लिहायचं का नाही हे तुम्ही ठरवायचं, पण लिहिलं तर पहिल्याच ओळीत सांगून टाका की कवी ओळखीचे आहेत, प्रत भेट मिळालीय. आणि इथून पुढं भेट घेतानाच हसत म्हणायचं, 'वाचीन नक्की, लिहीनच असं नाही.' एवढं वाक्य म्हणायला मला पंधरा वर्षं लागली.

प्रश्न : माझं शिक्षण बारावी, किराणा दुकान आहे. पुस्तकावर लिहायला समीक्षा वगैरे शिकावी लागते का? मुलगा म्हणतो, तुम्हाला काय अधिकार.
– एक दुकानदार, वसमत

उत्तर : अहो, तुमच्याच तालुक्यातल्या कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर. 'श्रीमान योगी'ला त्यांची जी गाजलेली प्रस्तावना आहे ती मुळात रणजित देसाईंना लिहिलेलं पत्र. आता ते नांदेडला प्राध्यापक होते, व्यासंग अफाट, आपली त्यांच्याशी बरोबरी नाही, पण पत्राचा सूर बघा, एक माणूस दुसऱ्या माणसाला सांगतोय की मला हे असं दिसलं आणि कामून दिसलं. तुम्हीपण परीक्षण म्हणून लिहू नका, लेखकाला पत्र लिहायलाव असं समजा. आणि दुकानाचा फायदा घ्या की! कादंबरीतला वाणी उधारीची वही कशी लिहितो हे खरंय का खोटं, ते प्राध्यापकापेक्षा तुम्हाला जास्त कळणार. मुलाला म्हणावं, मी पैसे देऊन पुस्तक घेतलंय, तोच अधिकार.

प्रश्न : परीक्षणात पुस्तकातला मजकूर किती घेता येतो? कुणी केस तर करणार नाही ना?
– जालना

उत्तर : १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी उतारा घ्यायला मोकळीक आहे, फक्त तो रास्त असावा आणि लेखकाचं, पुस्तकाचं नाव द्यावं. अमुक इतके शब्द असा आकडा कायद्यात नाही. तुमचं लिहिणं जास्त आणि उतारा कमी, एवढं साधं धरून चला. चार ओळींची कविता असली तर मात्र जपून, कारण चार ओळी घेतल्या म्हणजे सगळीच घेतली. अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ ग्रुपवर टाकून वर 'जरूर वाचा' लिहिणारे आहेत, त्याला परीक्षण म्हणत नाहीत.

प्रश्न : नवीन पुस्तक चारशे-पाचशेच्या खाली येत नाही. दर महिन्याला कुठून आणायचं?
– एक विद्यार्थिनी, गंगाखेड

उत्तर : बाळ, नवीनच पाहिजे असं कुणी सांगितलं? नव्या पुस्तकांवर पेपरवाले लिहितातच. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार अ, ब, क, ड वर्गातली शासनमान्य वाचनालयं आपल्या तालुक्यांत आहेत, 'ड' वर्गातल्या छोट्या वाचनालयातपण मागच्या कपाटात अशी पुस्तकं पडलेली असतात की ज्यांच्यावर कित्येक वर्षांत कुणी ओळ लिहिलेली नाही. पान चिकटलेलं, किंमत सहा रुपये, आत तारखांचे शिक्के. ते शिक्के बघ, शेवटचं कुणी कधी नेलं होतं ते कळतं. आवृत्ती, साल, प्रकाशक आणि ती सहा रुपये किंमतसुद्धा नोंदव. नवीन पुस्तक हवंच असेल तर वाचनालयाच्या सूचना वहीत लिही, आणि लिहून गप्प बसू नको, ग्रंथपालाच्या मागं लाग.

प्रश्न : मी बोलते तसंच लिहिते. लेकरं म्हणतात 'कामून' खोड, 'का' कर. 'लेकरं' पण खोड म्हणतात.
– औसा

उत्तर : ताई, लेखकाची ओळ उतरवून घेताना काना-मात्रा त्याचीच ठेवा, तिथं आपली बोली घालू नका. बाकी तुमचं तुम्ही लिहा. 'लेकरं' खोडून काय लिहायचं म्हणतात ती लेकरं, ते मात्र मला कळवा.