डॉक्टरेट करायचीय, पण कोणती?

प्रश्न : मी सरकारी रुग्णालयात आयसीयूत स्टाफ नर्स आहे. एम.एस्सी. नर्सिंग होऊन नऊ वर्षं झाली. मुलगी चौथीत, नोकरी सोडणं अशक्य. एक एजंट ‘दीड वर्षात ऑनलाइन पीएचडी’ देतो म्हणतो. अमेरिकेतली मैत्रीण डीएनपी सुचवते. काय करू?
– एक सिस्टर, सोलापूर

उत्तर : सिस्टर, आधी त्या एजंटचा नंबर ब्लॉक करा. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार ऑनलाइन किंवा दूरस्थ पीएचडी चालतच नाही आणि किमान मुदत ३ वर्षं आहे. अर्धवेळ मात्र चालते. शिवाय बायकांना २ वर्षांची जादा सवलत आणि एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा मिळते.

मैत्रिणीचं म्हणणं उडवून लावू नका. मी वॉर्डात असतानाच पीएचडीला बसले. विषय बेडसोअर. कूस बदलल्याच्या नोंदी चाळताना दिसलं, की रात्री दहापासून पहाटे चारपर्यंतच्या चारही सह्या एकाच पेनाच्या, एका दमात केलेल्या. चाळीस पेशंटना दोन सिस्टर. त्या तरी काय करणार? मला तेच सुधारून बघायचं होतं. गाइड म्हणाले, “हे प्रशासनाचं काम, संशोधन नव्हे.” मग मी ज्ञान-चाचणीची प्रश्नावली वाटली, पदवी मिळवली. सह्या तशाच राहिल्या.

डीएनपीत नेमका असा प्रश्न घेता येतो. तिथल्या नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेनं २००४मध्ये प्रगत प्रॅक्टिससाठी हीच पदवी असावी अशी शिफारस केली. त्यात प्रबंधाऐवजी वॉर्डातली एखादी पद्धत बदलून तिचा परिणाम मोजतात. तिकडं नर्स प्रॅक्टिशनर म्हणून जायचं असेल, तर ती जरूर करा. पण इथंच राहून शिकवायचं असेल, तर अर्धवेळ पीएचडीच बरी. आपल्या कौन्सिलच्या निकषांत प्राचार्यपदाला एम.एस्सी. लागतेच, पीएचडी असल्यास उत्तम, असं आहे. विषय मात्र वॉर्डातलाच धरा आणि गाइड ठरवण्याआधी त्यांनी तपासलेले दोन प्रबंध वाचा. सगळ्या प्रश्नावल्याच निघाल्या, तर दुसरं दार ठोठवा.

आणि एनओसी लेखी घ्या, कोर्सवर्कच्या तारखांसकट. आमच्या मेट्रनबाई तोंडी ‘हो’ म्हणाल्या होत्या. ऐन कोर्सवर्कच्या आठवड्यात माझी नाइट लागली.