जुनी मामलेदार कचेरी कलाकेंद्र करायची तर सुरुवात कुठून करावी, खर्च किती?

तुमच्या तालुक्यातली शंभर वर्षांची कचेरी रिकामी पडली आहे आणि तिथे सगळ्यांसाठी कलाकेंद्र करायचं आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी सिंधुदुर्गातला. अशाच एका कचेरीच्या समितीवर चार वर्षं होतो.

सुरुवात छपरापासून करा. आमच्याकडे उलट झालं. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, चुन्याचा गिलावा, वर मंगलोरी कौलं. फुटकी कौलं तशीच ठेवून ठेकेदाराने आधी गिलावा खरवडला, सिमेंट मारलं आणि खालून फॉल्स सीलिंग ठोकलं. चिरा पावसात पाणी पितो. चुना ते हळूहळू सोडतो, सिमेंटमागे ते अडकतं. हे मी बैठकीत दोनदा सांगितलं. "तुम्ही नाटकवाले, इंजिनिअर नव्हे," असं उत्तर मिळालं. दुसऱ्याच पावसात भिंतीला पोपडे आले, पांढरा खार फुटला. बोट लावलं की भुगा पडायचा.

पण माझं दुखणं वेगळंच आहे. उद्घाटनाच्या आठवड्यात शेजारच्या वाडीतल्या दशावतार मंडळाचे मालक आले. चपला पायरीखाली काढून उभे राहिले. "मास्तर, पावसाळ्यात आमका हंय जागा मेळात काय?" जत्रांचा हंगाम संपला की पेटारे कुठे ठेवायचे आणि नवीन पोरांना कुठे उभं करायचं, हा त्यांचा दरवर्षीचा प्रश्न. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. जुन्या नटासमोर उभं राहून, तो बोलेल त्याला तिथल्या तिथे उत्तर देतच पोरगं तयार होतं. त्याला कोरडी जमीन आणि पायपेटी-मृदंगापुरता कोपरा लागतो, बाकी काही नाही. मी हो म्हणून बसलो.

पुढच्या बैठकीत आमच्यातले एक जाणकार म्हणाले, त्यांच्या तोंडाचा रंग आणि तेल भिंतींना लागेल. दिवसाला चार हजार भाडं ठेवू, म्हणजे दर्जा राहील. सगळ्यांनी माना डोलावल्या. मालकांना नाही सांगायला मीच गेलो. ते काही बोलले नाहीत, चहा पाजला. त्या पावसाळ्यात पोरं गोठ्याच्या पडवीत शिकली. आमच्या दालनात त्या चार महिन्यांत एक चित्रप्रदर्शन आणि एका पतपेढीची सभा झाली.

म्हणून सांगतो, वास्तुविशारद शोधण्याआधी किल्ली कुणाकडे राहणार ते लिहून घ्या. नंतर कुणी ऐकत नाही. मुंबईचं कावसजी जहांगीर सभागृह १९११ चं. तिथे सभा व्हायच्या, गाणं व्हायचं. १९९६ पासून तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. काम देखणं आहे, पण गाण्याची जागा गेली ती गेलीच. पणजीत १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचं पुढे गोवा मेडिकल कॉलेज, म्हणजे गोमेकॉ झालं. ते बांबोळीला गेल्यावर जुनी इमारत २००४ मध्ये इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी दुरुस्त केली. २०१६ पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सवही तिथे भरतो. मी जातो, त्या खोल्यांतून फिरताना हेवा वाटतो. पण तालुक्याच्या गावाने तो नमुना धरू नये. आपल्याला आठ दिवसांचा थाट परवडत नाही, आपल्याला जूनमधला मंगळवार भरायचा आहे.

खर्चाचा आकडा मी देणार नाही, तो छपराचं लाकूड किती कुजलंय त्यावर ठरतो. चुन्याचं काम येणारा गवंडी आधी गाठा, तो मिळेपर्यंत गिलाव्याला हात लावू देऊ नका.

एक राहिलं, खरं तर आधी सांगायला हवं होतं. इमारत संरक्षित स्मारकांच्या यादीत असेल तर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय खिळाही ठोकू नका. यादीत नसली तरी जागा सरकारी आहे, ताबा लेखी घ्या.

आणि रंग-तेलाचा मुद्दा कुणी काढलाच, तर रंगपटाच्या खोलीत कमरेच्या वरपर्यंत लाकडी फळ्या मारा, भिंतीपासून दोन बोटं सोडून, म्हणजे मागून वारा खेळेल. आमच्या गावच्या सुताराने एका खोलीचं काम तीन दिवसांत होईल म्हणून लिहून दिलं होतं. तो कागद अजून माझ्याकडे आहे.