आधी टिपण, मग बाकी सगळं

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात घडलं काय यापेक्षा लाज किती वाटते हेच जास्त आहे. साहजिक आहे, पण आत्ता त्याचा उपयोग नाही. दुकानात फोन आला तेव्हा हातात क्रीमची ट्यूब होती, बोलता बोलता ती फोनच्याच हातात आली आणि फोन ठेवताना दोन्ही पर्समध्ये गेलं. बाकी सामानाचं बिल केलंस, दाराशी भोंगा वाजला आणि चोरीचा आळ घेऊन तुला अडवलं. एवढं मला तुझ्या तीन पानांतून वेचून काढावं लागलं.

म्हणून पहिलं काम हेच: आज रात्री बसून सगळं क्रमाने लिहून काढ. कुठल्या कप्प्यापाशी होतीस, फोन कुणाचा होता, बिल करताना पर्स उघडी होती की बंद, भोंगा वाजल्यावर तोंडातून पहिला शब्द कोणता निघाला, आतल्या खोलीत कोण काय बोललं. आठवत नाही तिथे 'आठवत नाही' असंच लिही. ती जागा अंदाजाने भरू नकोस. चार दिवसांनी आपली आठवण आपल्याच सोयीने सजायला लागते आणि खरं बोलणारी माणसं तिथेच अडकतात. 'मी ट्यूबचे पैसे देणारच होते' हे तू पत्रात लिहिलं आहेस. खरंच? ती पर्समध्ये आहे हेच माहीत नव्हतं, तर 'देणारच होते' कुठून आलं? असं एखादं वाक्य शोभेसाठी जोडलं की समोरचा वकील नेमकं तेच धरतो. 'लक्षात राहिलं नाही' एवढंच खरं आहे ना, मग तेवढंच म्हण.

आणि एक प्रश्न विचारतेच, राग मानू नकोस. दारापर्यंत पोचायच्या आधी एका क्षणासाठीही ती ट्यूब लक्षात आली होती का? आली असेल तर मला नको सांगूस, पण वकिलाला नक्की सांग. नसेल आली, तर पुढचं सगळं तुझ्या बाजूचं आहे.

वस्तू बिल न होता बाहेर गेली एवढ्यावर चोरी होत नाही. ती अप्रामाणिक हेतूने नेली हे सिद्ध व्हावं लागतं. इंग्लंडचा 1968 चा चोरीविषयक कायदा हेच मागतो. भारतातली 1860 च्या दंड संहितेतली हीच अट 2024 मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तशीच राहिली आहे. अडचण एवढीच की हेतू कुणाला दिसत नाही, तो वागण्यावरून ताडला जातो. आजूबाजूला बघितलं का, वस्तू लपवली का, बाकीचे पैसे दिले का, अडवल्यावर काय केलं. (तू पळाली नाहीस, झटापट केली नाहीस, हे फार बरं झालं. नाहीतर साध्या आरोपाला मारहाणीचं शेपूट लागतं.) हातात वस्तू असताना मन दुसरीकडे जाणं ही काही तुझीच तऱ्हा नाही. पुढे मोठमोठ्या अपघातांमागच्या मानवी चुकांच्या अभ्यासासाठी नावाजले गेलेले मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी 1984 मध्ये एका सहकाऱ्यासह नेमक्या दुकानांतल्या विसरभोळेपणावर अभ्यास प्रसिद्ध केला होता.

भोंग्याला तर मुळीच घाबरू नकोस. दाराशी ते दोन खांब असतात ना, ते बहुतेक ठिकाणी 8.2 मेगाहर्ट्झ किंवा 58 किलोहर्ट्झवर चालतात आणि वस्तूला लावलेली, निष्क्रिय न केलेली सुरक्षा-पट्टी जवळून गेली एवढंच त्यांना कळतं. बिल झालेल्या वस्तूची पट्टी निष्क्रिय करायची राहिली तरी ते वाजतात.

तुझा खरा साक्षीदार कॅमेरा आहे, पण तो फार दिवस टिकत नाही. जुन्या चित्रणावर नवं चढत जातं. कुठे महिनाभर राहतं, कुठे त्याहून बरंच कमी. म्हणून उद्याच व्यवस्थापकाला लेखी कळव की अमुक तारखेचं, अमुक वेळेतलं चित्रण जपून ठेवा. त्यात खुलासे नकोत, विनवण्या नकोत, 'माझी चूक झाली'सुद्धा नको. पोच घे किंवा ई-मेल कर. बिल, पैसे कापल्याचा संदेश आणि फोनमधली कॉलची नोंद यांचे फोटो काढून दुसरीकडेही ठेव. कॉलची वेळ आणि कॅमेऱ्यातली तुझी कानाला फोन लावलेली छबी जुळली, तर ती तुझ्या दहा शपथांपेक्षा भारी पडेल.

आता त्या कागदाचं. मागच्या खोलीत न वाचता सही केलीस. झालं ते झालं. त्यात 'चोरली' लिहिलंय की 'पैसे न देता नेली' हे तुला आठवत नाही, म्हणून त्याची प्रत मागायची. देत नसतील तर ती मागणीही लेखी राहू दे. घाबरून केलेल्या सहीचं काय करायचं ते वकील बघेल. यापुढे मात्र कुणीही, कितीही गोड बोलून कागद पुढे केला तरी 'वकिलाला दाखवून सांगते' हेच उत्तर. पोलिसांनी बोलावलं तर जायचं, नाव-पत्ता द्यायचा, जबाब वकिलाशी बोलून.

भरपाई मागणारा फोन किंवा पत्र येईल. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये तर दुकानांच्या वतीने अशी पत्रं पाठवणं हा धंदाच होऊन बसला आहे. ती दिवाणी मागणी असते. पैसे दिले म्हणून फौजदारी तक्रार आपोआप मिटत नाही, आणि न देणं हा काही गुन्हा नव्हे. फोन खरंच दुकानातून आला का, हेही आधी तपास.

सगळ्यात जास्त भीती मला तुझ्या हितचिंतकांची आहे. 'एवढीशी तर गोष्ट, कबूल कर आणि मोकळी हो' असं सांगणारं कुणीतरी भेटेलच. भारतीय न्याय संहितेत किरकोळ किमतीच्या पहिल्या चोरीला, वस्तू किंवा तिची किंमत परत केली तर, समाजसेवेची तरतूद आहे. ऐकायला सौम्य वाटते. पण ती शिक्षाच आहे, दोषी ठरल्यानंतरची. नोकरीच्या, परदेशी शिक्षणाच्या, व्हिसाच्या अर्जांत 'कधी दोषी ठरलात का' हा रकाना असतो आणि तिथे 'पण मी विसरले होते' लिहायला जागा नसते. न केलेलं कबूल करून वेळ वाचवणं मला अजिबात मान्य नाही. सल्ला परवडत नसेल तर मोफत कायदा मदत मिळते का ते चौकशी करून बघ. लाजेपोटी तेवढं टाळू नकोस.

मित्रमंडळींच्या ग्रुपवर एक अक्षर लिहू नकोस. दुकानाला नावं ठेवणारं तर नाहीच. घरात एका माणसाला सांग, जो आधी ऐकेल आणि मग ओरडेल. दोघांना सांगितलंस तर दोन सल्ले मिळतील आणि तू मध्ये लटकशील.

व्यवस्थापकाला द्यायचं पत्र आजच लिही, चार ओळींच्या वर जाऊ नकोस, आणि पाठवण्याआधी मला दाखव. टिपण मात्र मला पाठवू नकोस. ते थेट वकिलाच्या हातात दे.